चौकला चालणारी लस

गुरांच्या डॉक्टरीणबाईंची स्कूटर पळसदरीत शिरली की आमचे शेजारी नाना गोठ्यातून तांबूला सोडतात आणि तिला घेऊन धरणावर फिरायला जातात. बाई बाकीच्यांची गुरं टोचून गेल्या, की गाय आणि मालक रमतगमत परत येतात. कुठं गेला होतात विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "प्रयोग चालू हाय."

नानांची हयात कर्जतच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत गेली. काम परीक्षानळ्या धुण्याचं, पण ऐट अशी की ऑक्सिजनचा शोध यांनीच लावला असावा. निवृत्त होताना त्यांनी तिथून दोन शब्द घरी आणले, निरीक्षण आणि अनुमान, आणि तेव्हापासून आमचा छळ मांडला आहे. चहा नासला तरी आधी निरीक्षण होतं, मग अनुमान, आणि मगच तो ओतला जातो.

गुरांवर लंपीची साथ आली तेव्हा तर त्यांना ऊत आला.

"निरीक्षण सांगतो, दत्ता. तुमच्या सगळ्यांच्या गुरांना टोचलंय. माझ्या तांबूला नाय. अंगावर गाठ तुमच्या गुरांना नाय, आन् तांबूलाबी नाय. अनुमान, लस बिनकामाची."

"नाना, तुमची तांबू आमच्या गुरांच्या आडोशाला उभी आहे. सगळं गाव टोचून बसलंय, तर रोग तिच्यापर्यंत येणार कुठून? खर्च आमच्या गुरांच्या कातडीचा, आणि शास्त्रज्ञ तुम्ही."

"भावनेच्या भरात बोलू नको रं," नाना म्हणाले.

पुढे त्यांचा मेहुणा चौकहून आला. चौक हमरस्त्यावरचं गाव. ढाब्यांपाशी गुरांचे टेंपो थांबतात, मोकाट जनावरं हिंडतात, आणि त्याच्या आळीत टोचून घेणारे थोडेच. तिथं न टोचलेल्या गाई अंगभर गाठी येऊन आडव्या झाल्या होत्या, मेहुण्याच्या टोचलेल्या गाई मात्र उभ्या होत्या. मला वाटलं, आता तरी हा माणूस नमेल. नानांनी डोळे मिटून विचार केला.

"अनुमान, ही लस चौकला चालते, पळसदरीला चालत नाय. पाण्याचा फरक असंल."

लस तीच होती. चौकला चहूकडे रोग होता म्हणून तिचा गुण दिसला, इथं रोगच नव्हता म्हणून दिसला नाही. एवढी साधी गोष्ट मी तोंडाला फेस येईपर्यंत सांगितली. मूर्खपणा इतका नीटनेटका मांडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मग नानांच्या मुलानं पुण्याला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवलं. ते परत येईपर्यंत तांबू मेहुण्याकडं, चौकला राहायची होती. दुसऱ्याच दिवशी नाना माझ्या अंगणात उभे.

"दत्ता, बाईंना बोलव. तांबूला टोचायचं हाय."

या दिवसाची मी वाट बघत होतो. "का? प्रयोग संपला?"

"तिथं तिच्याभोवती तुमची गुरं नसतील."

म्हणजे या गृहस्थांना पहिल्यापासून सगळं कळत होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण बाईंना फोन केला.

लस अंगात मुरायला काही आठवडे लागतात, असं बाईंनी सांगितलं. नानांनी तिथल्या तिथं मुलाला फोन लावून ऑपरेशन पुढं ढकललं. आणि मोतीबिंदूमुळं हा माणूस घरातला उंबरासुद्धा अंदाजानं ओलांडत होता.

टोचताना दावं मी धरलं आणि नानांनी तांबूचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. डोळे मात्र गच्च मिटले. सुई लागली, तांबू थरथरली, बाई निघून गेल्या. नानांचे डोळे अजून मिटलेलेच.

"तिनं बघितलं का रं माझ्याकडं?"

"म्हणजे?"

"तुझी काकी गेल्यापासून घरात माझ्याकडं बघणारं हिच्याशिवाय कोण नाय. आपण दुखावल्यावर ती कशी बघंल, ते मला सोसायचं नाय. म्हून धरणावर न्यायचो."

तांबू सुई लागल्यापासून त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

"नाही नाना," मी म्हणालो. "पेंढ्याकडं बघत होती."