नसीम आपांची सदाफुली

नसीम आपा झाडांना पाणी देत नाहीत, हे राजापेठेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. विसरतात असं नाही. गच्चीवर पाय ठेववत नाही अशा उन्हात त्या भरलेली बादली शेजारी ठेवून, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन, सदाफुलीच्या कुंड्या सुकताना बघत बसतात.

आपा मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने आल्या, एकट्याच. मी एकदा न राहवून म्हटलं, "आपा, पाप लागंल." तर मलाच वर्गात उभं केल्यासारखं विचारलं, "गुलाबी सदाफुलीचा देठ पाह्यला का कधी, भाऊ? लालसर असते. ऊन वाढलं का झाड आतून रंग बनवते अन् तोच रंग त्याले उन्हापासून वाचवते. तरास झाला का रंग चढते!"

हे वाक्य त्या सगळ्यांना लावत. शेजारचा जावई रुसला, दूधवाल्याची म्हैस आटली, माझी बदली अकोल्याला झाली, तरी उत्तर एकच. रोज रेल्वेने जाऊन-येऊन माझा चेहरा काळवंडला, तेव्हा त्या खूश होऊन म्हणाल्या, "चढला नं रंग!"

आपांच्या शेजारच्या खोलीत तिवसा गावची पूनम राहायला आली. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास करायची. पहाटे जायची, अंधारात यायची, मान खाली. परीक्षा जवळ आली तसा तिचा डबा भरलेलाच परत जायला लागला. डबेवाल्या बाईने ते माझ्या बायकोला सांगितलं, बायकोने आपांना. आपा म्हणाल्या, "होते थोडा तरास. रंग चढंल."

एका सुट्टीच्या दुपारी वरून आपांचा आवाज आला. मी धावत गेलो. पूनम रिकामा तांब्या घेऊन उभी होती आणि एका कोपऱ्यातल्या पांढऱ्या सदाफुलीच्या कुंड्या ओल्या झाल्या होत्या.

"काहून देल्लं पानी?"

"मले पाहवलं नाही, आपा."

"पन या पांढऱ्याईलेच काहून?"

"त्याच मरून राहिल्या होत्या." पूनमने तांब्या खाली ठेवला. "तुमी म्हणता, तरास झाला का रंग चढते. सगळ्याईलेच चढते का?"

आपांनी खाली बसून पांढऱ्या सदाफुलीचा देठ बोटांत धरला. हिरवागार, लालीचा मागमूस नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "हिच्यात तो रंग बनवाचा जीनच बिघडेल हाय. हिले कितीबी तापवा, चढनार नाही. हिले सावली लागते." मग वर बघून त्यांनी विचारलं, "कवापासून जेवली नाही तू, बेटा?"

पूनम तिथेच तापलेल्या गच्चीवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. आपांनी तिला उठवून आपल्या खोलीत नेलं. माझ्या फोनवरून तिच्या वडिलांना फोन लावला. ते क्लासचं, परीक्षेचं बोलत असावेत. आपा मध्येच म्हणाल्या, "क्लास बुडला तं बुडू द्या. पोरगी जेवत नाही, इतकंच आइका. उद्या या."

ती परीक्षा पूनमने पुढे तिवशाहूनच येऊन दिली. निकालाचं आपांनी कधी विचारलं नाही. ती जेवते का, एवढंच विचारत.

मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. आपांनी मला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही बसस्टँडवर गेलो. पूनम वडिलांच्या शेजारी खिडकीत बसली होती. बस हलली तसा आपांनी हात वर केला. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी हात वरच होता.

"चला आपा, ऊन चढलं," मी म्हणालो.

"थांबा नं भाऊ," त्या म्हणाल्या. "कोनाले सोडाले येऊन लय वर्सं झाले."