आबांची स्प्रिंगची मान

शाल आणि नारळ यांच्याविरुद्ध अंगदने लढा पुकारला, तिथून हे सगळं सुरू झालं.

अंगद मांजरसुंब्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायचा. (समाज बदलण्याचं काम मात्र पूर्णवेळ.) वडिलांची, म्हणजे रामकिसन आबांची साठी आली तेव्हा त्याने घरात जाहीर केलं, "शाल-नारळ ही सरंजामी प्रथा आहे. आबांना मी आधुनिक भेट देणार!" घरात म्हणजे स्वयंपाकघरात. आबा तेव्हा शेतात होते.

"द्या की, न्हाई कोण म्हणतंय," त्याची बायको बबिता म्हणाली. "पर माझ्या नोकरीचं आबांना कधी विचारताव?"

बबिताने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता. बीडच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. अडलं होतं ते आबांच्या शब्दावर.

आबा फार बोलत नसत. ओसरीवर बसून समोरच्याचं ऐकून घेत. त्यांची मान होकाराला हलली की शब्द दिला, आणि दिलेला शब्द मग कुणाच्या बापाला फिरवता येत नसे. त्यामुळे आबा मान फार जपून वापरत. अंगद रोज "आज बोलतोच" म्हणून ओसरीवर जायचा, तिथे आबाच काहीतरी सांगायचे, आणि हा मान डोलावून परत यायचा.

भेट आली. फोटोवरून बनवून घेतलेली, ऑनलाइन मागवलेली बाहुली. धोतर, फेटा, मिशा, सगळं हुबेहूब आबांचं. फक्त डोकं धडाच्या तिप्पट आणि मान स्प्रिंगची.

आबांनी ती चारचौघांसमोर उलटसुलट करून पाहिली. "हे कोण?"

"तुम्हीच आबा."

"माझं डोकं एवढं हाय?"

अंगदने मान डोलावली. (घाईत.)

आबांनी बाहुली ओसरीवरच्या टेबलावर ठेवली आणि ते शेतात गेले. वर पंखा चालू होता. खाली आबांची छोटी मान हो, हो, हो म्हणत सुटली.

पहिला आला शेजारचा शहादेव. त्याने बाहुलीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि चप्पल काढली. "आबा, ट्रॅक्टर नेऊ का?"

बाहुलीने मान हलवली. ट्रॅक्टर गेला.

मग रीघच लागली. तालमीच्या पोरांनी गोठ्यावरचे पत्रे मागितले, मिळाले. दगडाबाईने दुभती म्हैस मागितली. टेबलावरचे आबा सगळ्यालाच हो म्हणत राहिले. अंगद दारात आडवा झाला. "अहो, प्लास्टिक आहे ते! विवेक म्हणून काही गोष्ट असते की नाही?"

"ह्ये आबाच हायत म्हणून तूच म्हणलास न्हवं?" दगडाबाई म्हशीचं दावं सोडत म्हणाली. "आता बापाला प्लास्टिक म्हणतूस व्हय रे?"

शेवटी खुद्द अंगदच्या आईने, विजयमालाबाईंनी, पदराला हात पुसत विचारलं, "चार दिस धर्मापुरीला माहेरी जाऊ का?" लग्नापासून आबा इतक्या पटकन हो म्हणाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तेवढ्यावर त्या पिशवी भरून निघाल्यासुद्धा.

संध्याकाळी आबा परतले तर ट्रॅक्टर नाही, गोठ्याला छप्पर नाही, म्हैस नाही आणि चहा द्यायला बायको नाही. ओसरीसमोर मात्र गर्दी.

"कावून जमलाव रे?"

"तुमी शब्द दिलाव आबा," शहादेव म्हणाला आणि त्याने बाहुलीकडे बोट दाखवलं. "मान हलवली."

आबांनी बाहुली फेट्यापासून धोतरापर्यंत निरखली. नाही म्हणावं तर उद्या गाव म्हणणार, आबांच्या मानेचं आता काय खरं न्हाई.

"फेटा माझा हाय. मिशा माझ्या हायत. म्हंजी मान बी माझीच. शब्द दिला त्यो दिला."

हे ऐकताच बबिता पदर खोचून पुढे आली. "मग आबा, सोमवारपासून मी बीडला नोकरीला जाऊ का?"

सगळ्यांनी बाहुलीकडे पाहिलं. आणि लाईट गेली.

पंखा मंदावला. बाहुलीची मान हळूहळू थांबली. आबांच्या जिवात जीव आला.

"अंगद, तू बोल. आपल्या घरच्या सुनंला नोकरीची काय गरज हाय का?"

ह्याच क्षणासाठी अंगद समाजशास्त्र शिकला होता. त्याच्या छातीत अख्खं भाषण दाटून आलं. तोंड उघडलं, आणि मान डोलली.

"म्हंजी गरज न्हाई. बराबर?"

मान डोलली.

"आवो," बबिता कडाडली, "बाईनं आपल्या पायावर उभं ऱ्हावं, असं तुमीच म्हणला होताव ना?"

मान तिच्याकडे वळून डोलली. गर्दी पोट धरून हसायला लागली. बबिताने कपाळाला हात लावला, तरातरा टेबलापाशी गेली आणि बाहुलीच्या फेट्यावर अशी टिचकी मारली, की ती मान नुसती गदागदा डोलत राहिली.

"आबा हो म्हणले!" दगडाबाई ओरडली.

आबांची मिशी हलली. बहुतेक हसू असावं. "म्हणले तर म्हणले. जा. पर पैल्यांदा माझी शुगर बघून दे."

सोमवारी बबिता एसटीने बीडला गेली. आबांनी बाहुली कपाटात कुलपात घातली आणि ते पायीच शेतात गेले. अंगद टेबलापाशी बसून 'निर्णयस्वातंत्र्य आणि ग्रामीण कुटुंब' असा एक तडफदार लेख लिहीत होता. तेवढ्यात शहादेव आला. त्याने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग अंगदकडे पाहिलं आणि चप्पल काढली.

"बाहुली न्हाई का?"

"नाही! आणि हे बघ शहादेव, यापुढे या घरात..."

"बरं, मग तुमालाच इचारतो. ट्रॅक्टर अजून आठ दिस ऱ्हाऊ द्यावा ना आमच्याकडं?"

शहादेव समाधानाने चप्पल घालून निघून गेला.

पंखा बंद होता. लाईट सकाळपासूनच गेलेली होती.