जांभळीखालचा कौल

एका जंगलात सिंह नव्हता. म्हणजे होता, पण लांब, राजधानीत. एवढ्या आडबाजूच्या जंगलाकडे बघायला त्याला सवड कुठली? त्यानं फर्मान काढलं, "तुमचा सुभेदार तुम्हीच निवडा आणि मला त्रास देऊ नका." याला लोकशाही म्हणतात, बाळांनो. पाठ करून ठेवा, परीक्षेत येतं.

आता मत द्यायचं कसं? जनावरांना लिहिता येत नाही. हात वर करावा, तर निम्म्यांना हातच नाहीत. पण एक गोष्ट सगळ्यांना जमते आणि रोज सकाळी जमते. पाणवठ्याच्या काठावर दोन झाडं होती, एक जांभळीचं आणि एक हिरड्याचं. एकेका उमेदवाराला एकेक झाड. जो आवडेल त्याच्या झाडाखाली जाऊन बसायचं आणि सकाळचा कार्यक्रम उरकायचा. ज्याचा ढीग मोठा, तो सुभेदार.

नाकं मुरडू नका! तुमच्या आजोबांनी याहून वाईट निवडणुका पाहिल्यात.

यात गोम एकच होती. मोजायचा तो ढीग, ढीग करणारे नव्हेत. भूपतराव हत्ती एकदा बसले की सशांच्या अख्ख्या भावकीचं मतदान त्यापुढे फिकं पडायचं. म्हणून उग्रसेन लांडगा दर निवडणुकीच्या आधी भूपतरावांना यथेच्छ जेवू घालायचा आणि वर्षानुवर्षं सुभेदार व्हायचा. बाकीच्यांना तो विचारतही नसे.

त्याच जंगलात चंद्राक्का नावाची सशीण राहत होती. उग्रसेननं पाणवठा आपल्या गोतावळ्यासाठी राखून ठेवला होता आणि काठावर कोल्ह्यांचा पहारा बसवला होता. इतरांनी लांबच्या ओढ्यावर जायचं. वाट उंच गवतातून जायची, आणि पहारा संपलेले कोल्हे त्याच गवतात विसावा घ्यायचे. चंद्राक्काचा नवरा एका दुपारी पाण्याला म्हणून गेला, तो आलाच नाही. चंद्राक्का रडली, खूप रडली. मग पिल्लांना घेऊन पानांवरचं दंव चाटायला गेली, कारण रडून तहान भागत नाही.

त्या वर्षी सुधाकर भेकर निवडणुकीला उभा राहिला. बारीक पाय, मोठाले डोळे, आणि बोलताना आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं हा आता रडतो.

"अक्का, मला निवडा. पाणवठा सगळ्यांना खुला करतो."

"शपथ?"

"गळ्याशपथ."

"आणि हत्तीचं काय करणार?"

"ते तुम्ही बघा. मी उमेदवार आहे," सुधाकर म्हणाला.

चंद्राक्का कंबर कसून उठली. जाळीजाळीत शिरून तिनं सगळ्या सशांना गोळा केलं. "खा गं बायांनो, खा! आपण लहान आहोत, पण पुष्कळ आहोत. पोटं फुटेस्तोवर खा!"

तिची म्हातारी सासू कुरकुरली, "अगं, या वयात मला एवढं पचायचं नाही."

"पचवायलाच हवं, सासूबाई. तुमचा लेक गेलाय पाण्यापायी."

म्हातारी हरळी चघळू लागली.

तिकडे उग्रसेननंही जेवणावळ मांडली. भूपतरावांसाठी कवठं आणायला त्यानं कोल्ह्यांना पाठवलं. आता चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यावर काय व्हायचं? पिकली कवठं कोल्ह्यांनी वाटेतच फस्त केली आणि कच्ची तेवढी हत्तीपुढे ओतली. भूपतराव फुकटात मिळालेल्या वस्तूला कधी नावं ठेवत नसत. त्यांनी सोंडेसोंडेनं सगळी गिळली.

कच्चं कवठ पोट कसं आवळतं, ते ज्यानं खाल्लंय त्यालाच ठाऊक.

मतदानाची सकाळ उजाडली. भूपतराव मोठ्या दिमाखात उग्रसेनच्या हिरड्याखाली बसले. बसले ते बसलेच.

"काका, जोर लावा!" उग्रसेन घायकुतीला आला.

"लावतोय रे! तू बाजूला हो आधी. कुणी बघत असलं की मला होत नाही."

सगळे पाठ फिरवून उभे राहिले, तरी नाही. आणि हे कुठं, तर हिरड्याखाली! एखाद्या वैद्यानं पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

इकडे जांभळीखाली सशांची रांग संपता संपेना. टपटप, टपटप. सासूबाईंनी तर तरण्याताठ्यांना मागं टाकलं. उन्हं तापली तेव्हा ढीग जांभळीच्या खालच्या फांदीला टेकला होता. सुधाकर भेकर निवडून आला! चंद्राक्का आनंदानं एवढी नाचली, एवढी नाचली, की शेवटी पिल्लांनीच तिला धरून बसवलं.

मग ती तडक पाण्याकडे निघाली. कोल्हा आडवा आला. "थांब. आधी शपथविधी होऊ दे."

शपथविधी ढिगावरच होता. सुधाकर माळा घालून वर उभा राहिला. चंद्राक्का पुढे होऊन म्हणाली, "साहेब, तेवढा हा ढीग उचलायला सांगा. अगदी पाण्याच्या काठाला आलाय."

सुधाकरचे डोळे भरून आले. "अक्का, हा ढीग नव्हे. हा जनतेचा कौल आहे! जनतेचा कौल कुणी उचलून टाकतं का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चंद्राक्कानंही टाळी वाजवली. सगळे वाजवत होते ना.

इतक्यात झाडी मोडत भूपतराव धावत आले. कवठांनी अखेर वाट सोडली होती. "सुधाकरराव!" ते धापा टाकत म्हणाले, "मी पहिल्यापासून तुमचाच! थोडा उशीर झाला, एवढंच." आणि त्यांनी ढिगाकडे पाठ केली.

सुधाकरनं कशीबशी उडी मारली म्हणून वाचला. नुसता गडगडाट झाला! भूपतरावांच्या पाठिंब्यासकट अख्खा कौल घसरला आणि पाणवठ्यात जाऊन पडला. बेडूक बोंबलत बाहेर आले. कोल्ह्यांनी नाकं दाबली आणि पहारा सोडला. आता तिथं राखायचं काय होतं?

सुधाकरनं खूर झटकले, गळा साफ केला आणि जाहीर केलं, "दिलेला शब्द पाळला! पाणवठा आजपासून सगळ्यांना खुला!"

पुन्हा टाळ्या झाल्या. मग सुधाकर डोंगरावरच्या झऱ्याकडे पाणी प्यायला गेला. तो झरा खास सुभेदारांसाठी होता. कोल्हेही पहाऱ्याला त्याच्या मागोमाग गेले; विसाव्याला मात्र ओढ्याच्या वाटेवरच्या त्या गवतातच येत राहिले.

"आई, पिऊ?" पिल्लानं विचारलं.

"खबरदार तोंड लावलंस तर!" चंद्राक्का ओरडली. "मेल्यानं गळा कापला हो माझा," ती सासूला म्हणाली. सासू नुसती कण्हली. तिचं पोट अजून दुखत होतं.

थोड्या दिवसांनी उग्रसेन लांडगा शेपूट घालून आला. जिभेवर नुसता मध.

"अक्का, झालं गेलं विसरा. पुढच्या खेपेला मला निवडा. ही सगळी घाण मी साफ करून देतो."

"आणि निवडायचं कसं?"

"नेहमीसारखंच. हिरड्याखाली बसून."

"म्हणजे पुन्हा तिथंच? पाण्याच्या काठावर?"

"परंपरा आहे, अक्का."

चंद्राक्कानं त्याच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, ओठ सुकलेल्या पिल्लांकडे पाहिलं. दुसरा उमेदवार कुठं दिसतोय का, तेही पाहिलं. मग ती खाली बसली आणि गवत खाऊ लागली.

"खा रे पोरांनो," ती म्हणाली, "पोटभर खा."

तात्पर्य : पाणी सगळ्यांना सारखं मिळावं असं वाटत असेल, तर आधी ते कुणालाच पिता येणार नाही असं करावं. भांडणं आपोआप मिटतात. आणि सुभेदारांचं म्हणाल, तर त्यांची काळजी नको. त्यांना झरा असतो.