पट्टीचं दुसरं टोक

काच मीच पुसली. घरी आयुष्यात कधी बशी विसळली नाही, पण नानांच्या टेबलावरच्या काचेला काजळी दिसली आणि मला नेमका तेव्हा शेजारधर्म आठवला. रुमाल काढला आणि लख्ख केली.

पुसलं गेलं ते नानांचं तीन आठवड्यांचं काम.

नाना सोनवणे मूळचे धुळ्याकडचे. सगळी नोकरी सचिन नावाच्या गावातल्या लूम कारखान्यात, मागांवर. आडवंतिडवं काही दिसलं की ते बेचैन. सत्यनारायणाला आले की आधी बाहेरच्या चपला एका दिशेनं वळवणार, मग देवाकडे वळणार. "लाइनमा लागा!" हे माणसांनाही आणि भेंड्यांनाही.

कापड शिकवणाऱ्या एका कॉलेजातला माग दुरुस्त केल्याबद्दल तिथल्या प्राध्यापकांनी काय हवं विचारलं, तर नानांनी चिमूटभर काळी पूड मागितली. परदेशातून आलेली, केसाहून हजारो पट बारीक अशा कार्बनच्या नळ्यांची. ती साबणाच्या पाण्यात कालवून, गाळून ते पट्टी बनवत. पट्टी पापडासारखी तुटे, वीजही कशीबशी जाई.

"जाईल कशी, भाऊ? नळ्या जत्रेसारख्या पांगल्यात. उभे धागे असे पांगले तर कापड होईल का? एका दिशेनं झोपवायच्या. ताकद येईल, वीजही पळेल."

म्हणून ओली पट्टी एकाच दिशेनं घासायची, ताणायची, मग वीज मोजायला मीटर लावायचा आणि ताकद बघायला शर्टाची बटणं टांगायची. तीन बटणांपुढे मजल गेली नव्हती. आणि होती नव्हती ती सगळी पूड आता माझ्या रुमालात.

नानांनी काच पाहिली, मला पाहिलं. "रुमाल द्या."

रुमाल साबणाच्या पाण्यात भिजला. गाळून, घासून आठवड्यानं पुन्हा पट्टी झाली. "धरा ते टोक. हळू!"

"इतके दिवस कोण धरायचं?"

"वजनाखाली दाबायचो. तिरकी तुटायची." नाना पट्टीकडेच बघत होते. "मागावर धागे भरायला दोघं लागतात, भाऊ. मागून आमची ही धागा द्यायची, पुढून मी ओढायचो. ती गेल्यावर कुणाला धर म्हटलंच नाही."

पट्टीनं सात बटणं पेलली. मीटरचा काटा असा उडाला की नानांनी मला मिठीच मारली, काळ्या हातांनी.

घरी मी ऐटीत सगळं सांगितलं. बायको शर्टाकडे बघत म्हणाली, "पट्टी तर जमली. आता उद्या नाना काय करणार?"

तिनं कपाटातून धुतलेला रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"उद्या जाताना हा घेऊन जा. काचेवर पुन्हा काजळी दिसली तर पुसून ये."