मार्केताचा फोन मोकळा झाला

"तुझा फोन मी काल गुलामीतून सोडवला," शनिवारी सकाळी कॉफी ओतता ओतता उर्पोनं बायकोला जाहीर केलं.

मार्केता बुटाच्या नाड्या बांधत होती. मूस, म्हणजे घोड्याएवढं काळपट रानटी हरीण; त्याच्या शिकारीचा मोसम त्याच दिवशी सुरू होत होता आणि गावच्या शिकारी टोळीची ती म्होरकी होती.

"म्हणजे नक्की काय केलंस?"

"कंपनीची प्रणाली काढून टाकली. आता आत आहे ती जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. हिला मालक नाही. फुकट आहे, कुणीही घेऊन जावं."

"आणि बिघडली तर तक्रार कुणाकडे करायची?"

"कुणाकडेच नाही!" उर्पो छाती फुगवून म्हणाला.

उर्पोनं वीस वर्षं फोनच्या कारखान्यात काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हापासून बड्या कंपन्यांचं नाव काढलं तरी त्याचं डोकं फिरायचं. मार्केतानं उसासा टाकून फोन खिशात घातला.

नऊ वाजता टोळी जंगलात पोचली, सोबत उर्पोही होता, आणि रुस्काला मोकळं सोडलं. ही मार्केताची कुत्री, तिचा जीव की प्राण. मूस सापडला की त्याच्यासमोर उभं राहून एकसारखं भुंकायचं आणि बंदूकवाले दबकत येईपर्यंत त्याला जागचं हलू द्यायचं नाही, हे रुस्काचं काम. ती कुठे आहे ते तिच्या गळ्यातला पट्टा मार्केताच्या फोनवर दाखवायचा. आज नव्या प्रणालीवर पट्ट्याचं ॲप चालेना; त्यानं एवढंच दाखवलं: 'हा फोन भरवशाचा नाही.'

"पट्ट्याचा कोड सांग, माझ्या फोनवर लावू," टोळीतला म्हातारा एन्सिओ म्हणाला.

"कोड या फोनमध्येच होता," मार्केता म्हणाली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मी तो अगदी धुऊनपुसून स्वच्छ केला," उर्पो पुटपुटला.

मागच्या वर्षी याच जंगलात एन्सिओच्या कुत्र्याला लांडग्यांनी फाडलं होतं. मार्केता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती झाडांकडे बघत राहिली.

उर्पोनं घाईघाईनं आपल्या फोनवरून त्या जगभरच्या लोकांना विचारलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'ही अडचण सहा वर्षांपासून माहीत आहे. प्रणालीचा सगळा कोड खुला आहे, तुम्हीच दुरुस्त करा.'

"मी शोधून आणतो तिला," उर्पो म्हणाला. लांडगे परवडले, पण बायकोसमोर आणखी एक मिनिट उभं राहणं परवडणारं नव्हतं.

अर्ध्या तासानं तो फोनमधला नकाशा बघत बघत सरळ दलदलीत गेला. कंबरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत. हातापायांवर रांगत बाहेर आला तेव्हा फोन नव्हता, टोपी नव्हती, आणि बंदूकवाल्यांना दिसावा म्हणून घातलेला नारिंगी अंगरखा काळ्या चिखलात बुडून गेला होता. आजूबाजूला सारख्याच दिसणाऱ्या झाडांखेरीज काही नव्हतं. हाक मारावी तर लांडगे ऐकतील या भीतीनं त्यानं तीही मारली नाही.

तेवढ्यात झुडूप हललं. उर्पो एका पाइनच्या झाडाला पाठ लावून थिजला.

झुडपातून रुस्का बाहेर आली.

"अगं माझे बाई!" त्याला रडूच फुटलं. पण रुस्का जवळ येईना. तिनं हे मोठं, काळं, चिखलाचा वास मारणारं जनावर खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, चार पाय रोवले आणि भुंकायला लागली. संथ, ठाम, एकसारखं. उर्पोनं एक पाय उचलला, तशी ती गुरगुरली. त्यानं पाय खाली ठेवला.

मग त्याच्या ध्यानात आलं की हे भुंकणं मैलभर ऐकू जातं, आणि ते ऐकून कोण येतं.

"मी माणूस आहे," असं त्याला ओरडायचं होतं. घशातून फक्त एक हंबरडा निघाला, तोही हुबेहूब मूससारखा. समोरच्या फांद्या हळूच बाजूला झाल्या आणि बंदुकांच्या नळ्या त्याच्या छातीवर रोखल्या गेल्या. उर्पोनं डोळे मिटून दोन्ही हात वर केले.

"थांबा," एन्सिओचा आवाज आला. "मूस हात वर करत नाही."

नळ्या खाली झाल्या. मार्केता धावत आली, उर्पोला मागे टाकून पुढे गेली आणि रुस्काला मिठी मारून ढसाढसा रडली. उर्पो हात वर करूनच उभा होता.

"मार्केता," एन्सिओनं विचारलं, "हा तुझाच ना?"

मार्केतानं डोळे पुसले आणि नवऱ्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"याला मालक नाही," ती म्हणाली. "फुकट आहे, कुणीही घेऊन जावं."

टोळीत आठ जण होते. एकही पुढे आला नाही.