तीन टाक्यांची झडप

ओश शहराच्या सरकारी रुग्णालयात हृदयाची झडप बदलली की नाही, हे हृदय ठरवत नाही. नमुना क्रमांक सतरा ठरवतो. त्याच्या नवव्या रकान्यात टाक्यांची संख्या लिहायची असते. किमान पंधरा.

डॉक्टर चिनारा तुर्दुबायेवा यांनी तिथे तीन लिहिले.

रुग्ण सागिनाली, वय एकाहत्तर, निवृत्त बसचालक. चार पायऱ्या चढले की धापा टाकत बसायचे. त्यांचे हृदय तास-दीड तास बंद ठेवून कडेकडेने पंधरा टाके घालत राहणे जिवावरचे होते. म्हणून चिनाराबाईंनी नवी पद्धत वापरली. बैलाच्या हृदयावरणापासून केलेली झडप, लवचीक जाळीत बसवलेली. तीन टाक्यांच्या दोऱ्यांवरून ती जागेवर उतरवायची. जाळी फुलते आणि झडप आपली आपण घट्ट बसते. पाऊण तासाच्या आत हृदय पुन्हा चालू झाले. छातीवरची लहानशी चीरही त्यांनी गोंदाने चिकटवली. आठव्या दिवशी सागिनाली एक जिना चढून स्वयंपाकघरात गेले आणि सूपमध्ये चरबी कमी का, म्हणून भांडून आले.

नवव्या दिवशी निरीक्षक मामासादिक आले.

"बाई, पंधरापैकी तीन. म्हणजे ऑपरेशन वीस टक्केच झालंय. अर्धवट माणसाला घरी कसं सोडणार?"

"अहो, तो जिना चढतोय!"

"विनापरवाना चढतोय."

चिनाराबाईंनी पडद्यावर हृदय दाखवले. झडप उघडत होती, मिटत होती; गळती नावालाही नव्हती. निरीक्षकांनी ते आदराने पाहिले. "सुरेख आहे. पण यावर शिक्का नाही."

समिती बसली. तीन बैठकांनंतर निष्कर्ष निघाला: नियमात टाक्यांची संख्या आहे, जागा नाही. सबब, उर्वरित बारा टाके रुग्णाच्या सोयीच्या ठिकाणी घालावेत.

चिनाराबाई तणतणत वॉर्डात आल्या. सागिनालींची बायको बुरुलचा मात्र खूश झाली. "बरं झालं बाई! शेजारणीच्या पित्ताशयाला नऊ टाके, आणि आमच्या ह्यांच्या हृदयाला तीनच? लोक म्हणतील, वशिला कमी पडला."

"हातावर घाला," सागिनालींनी बाही वर केली. "दिसतील तरी."

"बाबा, हात धडधाकट आहे तुमचा!"

"म्हणून तर सोसेल."

शेजारच्या खाटेवरचा रुग्ण न्यूमोनियाने खोकत होता. इथला एकेक दिवस म्हाताऱ्याला महागात पडेल, हे चिनाराबाईंना कळत होते. त्यांनी कातडी बधिर केली आणि निरोगी हातावर बारा टाके घातले. मग नवव्या रकान्यातले तीन खोडून पंधरा लिहिले. संध्याकाळी सागिनाली घरी गेले.

आठवडाभराने रुग्णालयासमोर सागिनालींच्या गावच्या लोकांची रांग लागली. पुढच्या म्हाताऱ्याच्या छातीला चिनाराबाईंनी नळी लावली. आत घरघर ऐकू येत होती.

"आजोबा, झडप पार खराब झालीय. बदलायलाच हवी."

"ते राहू दे गं पोरी." म्हाताऱ्याने हात पुढे केला. "सागिनालीसारखे टाके तेवढे घाल. आत डोकावून हृदय कोण बघतंय?"