रजेच्या प्रोग्रामात वरची एक ओळ

दुपारी चार वाजता मास्तरांनी रजेच्या प्रोग्रामात सगळ्यात वर एक ओळ लिहिली, आणि चार वाजून दोन मिनिटांनी ऑफिसचं दार उघडेनासं झालं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते प्रोग्रामर. जो भेटेल त्याला धरून शिकवायची खोड, म्हणून मास्तर. गेली दोन वर्षं ते सगळ्यांना एकच धडा शिकवत होते. त्यांचं ऑफिस ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचं, तिच्यात एक नवी, आटोपशीर रीत आली होती. पण ती आपोआप लागू होत नसे. ज्याला हवी त्याने प्रोग्रामच्या डोक्यावर तशी एक ओळ लिहायची, की खालचा सगळा मजकूर नव्या नियमांनी वाचला जाई. साहेबांना हे पटत नव्हतं. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा, असं त्यांचं साधं म्हणणं. त्या दिवशी सकाळी मात्र काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी होकार दिला. आधी आपल्या ऑफिसच्या रजेच्या प्रोग्रामवर करून बघा म्हणाले, तिथे काय बिघडणार आहे. आणि ते एका गिऱ्हाइकाकडे निघून गेले.

आता हा रजेचा प्रोग्राम म्हणजे काय, तेही सांगायला हवं. त्या ऑफिसात रजा तोंडाने मागायची नाही, असा दंडक होता. तशी पाटीच साहेबांच्या केबिनबाहेर लावलेली होती. अर्ज प्रोग्राममध्ये भरायचा, तो साहेबांच्या मोबाईलवर जाणार. सात दिवसांत साहेबांचं उत्तर आलं नाही तर अर्ज आपोआप नामंजूर. गेल्या दोन वर्षांत साहेबांनी एकाही अर्जाला उत्तर दिलं नव्हतं. वर चहाच्या वेळी ते म्हणायचे, "माझी माणसं लाखात एक. कुणी रजेचं नावसुद्धा काढत नाही." लोक कपात बघत आणि मनात काय म्हणायचं ते म्हणत.

मास्तरांचे तीन अर्ज असेच गेले होते. त्यांच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली होती. पहिल्या अर्जाच्या वेळी भाची पालथी पडायला लागली होती, दुसऱ्याच्या वेळी बसायला, तिसऱ्याच्या वेळी रांगायला. मामाने तिला अजून फोनच्या काचेतूनच पाहिलेलं. "दादा, आता राहू दे," बहीण मागच्या आठवड्यात म्हणाली होती. "चालायला लागली की तीच येईल तुला भेटायला." हे बोलणं मास्तरांना फार लागलं. त्यांनी उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं आणि चौथा अर्ज भरला. त्याची मुदत आज संध्याकाळी साडेपाचला संपत होती.

तर ओळ लिहिली आणि प्रोग्राम बंद पडला. बंद पडला तो पडला, पण हजेरीचं यंत्रही त्याच प्रोग्रामला जोडलेलं आणि दाराचं कुलूप हजेरीच्या यंत्राला. ही जोडणी मास्तरांचीच, तेव्हा तिचं केवढं कौतुक झालं होतं. पाण्याचे जार घेऊन आलेला माणूस आत अडकला. त्याने दोनदा दार ओढून पाहिलं, मग रिकामा जार उलटा ठेवून त्यावर बसला आणि खाली गाडी चुकीच्या जागी उभी आहे एवढंच म्हणाला.

पडद्यावर चुकांची यादी आली होती. एकूण वीस. ऑफिसातले प्रोग्राम तपासणाऱ्या बाई खुर्ची ओढून मास्तरांच्या शेजारी येऊन बसल्या. बाईंची नजर अशी, की मास्तरही त्यांना वचकून असत. एकोणीस चुका किरकोळ निघाल्या. जुनी रीत पोटात घालायची ते नवी घालत नव्हती, इतकंच. त्या निस्तरेपर्यंत पाच वाजत आले आणि काचेच्या दारापलीकडे साहेब येऊन उभे राहिले.

साहेबांनी यंत्रावर अंगठा लावला. मग दुसरा अंगठा लावला. मग अंगठा रुमालाला पुसून पुन्हा लावला. दार जाड होतं, आवाज पलीकडे जात नव्हता. मास्तरांनी पाच मिनिटं अशी खूण केली, ती साहेबांना पाच माणसं अडकलीत अशी वाटली असावी, कारण ते आत बोट दाखवून डोकी मोजायला लागले.

मास्तरांचा धीर सुटला. "जाऊ दे, ती वरची ओळच काढून टाकतो. दार उघडेल, सगळं होतं तसं चालू होईल."

"थांबा," बाई म्हणाल्या. "विसावी चूक वाचलीत का?"

मास्तरांनी वाचली. भाषा विचारत होती, की अर्ज पाठवायचा पत्ता माहितीच्या ज्या डब्यातून काढायला सांगताय, तो डबाच इथे नाही, तर काय करू? मास्तरांनी पुन्हा वाचली, मग घाम पुसला. दोन वर्षांपूर्वी प्रोग्रामची आवराआवर करताना साहेबांचा पत्ता एका डब्यातून काढून दुसऱ्यात ठेवला होता. अर्ज धाडणारी ओळ मात्र जुनाच डबा उघडत राहिली. जुन्या रीतीत नसलेला डबा म्हणजे रिकामा डबा, त्याची तक्रार नाही. पत्ता नाही म्हणून अर्ज बाजूला ठेवायचा, सात दिवस वाट बघायची आणि नामंजूर म्हणून कळवायचं. दोन वर्षांत एकही अर्ज साहेबांपर्यंत पोचलाच नव्हता.

"ही आवराआवर कुणी केली होती?" बाईंनी विचारलं. विचारण्याची गरज नव्हती. कुठली ओळ कुणी कधी बदलली याची नोंद शेजारीच दिसत होती, मास्तरांच्या नावासकट.

मास्तरांनी डबा बदलला आणि प्रोग्राम चालू केला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

पण प्रोग्रामचीही एक शिस्त होती. आधी राहिलेली कामं, मग दार. बाजूला ठेवलेले अर्ज त्रेसष्ट होते. काचेपलीकडे साहेबांनी खिशातून मोबाईल काढला, वाचला, खिशात ठेवला, परत काढला. मग तो हातातच राहिला. आत सगळे आपापल्या जागेवरून उठून दाराजवळ आले होते. कुणाच्या वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन, कुणाचं घर बदलणं, कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, एकेक कारण साहेब वाचत होते आणि आतला एकेक जण आपलं कारण कधी येतंय ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करत होता. पाच वाजून वीस मिनिटांनी कुलूप खट्कन निघालं. पहिला बाहेर पडला तो जारवाला.

साहेब आत आले आणि जवळच्या खुर्चीत बसले. "मला वाटत होतं, तुम्हाला हे ऑफिस इतकं आवडतं," ते म्हणाले.

मग तेच पुढे म्हणाले, तुम्ही कुणी रजा मागत नाही, मग मी कुठल्या तोंडाने घेऊ, म्हणून दोन वर्षं मीही घरी बायकोची बोलणी खातोय. एवढं बोलून त्यांना हसू आलं, आणि मग सगळ्यांनाच आलं, इतकं की बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. साहेबांनी तिथेच बसून मास्तरांचा अर्ज आधी मंजूर केला. साडेपाचला चार मिनिटं कमी होती. मग उठून केबिनबाहेरची पाटी स्वतःच्या हाताने काढली. चूक कुणाची होती ते त्यांनी विचारलं नाही, आणि बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मास्तरांनी जिन्यातच बहिणीला फोन लावला. उद्या दुपारपर्यंत पोचतो म्हणाले. पलीकडून भाचीचं ओरडणं आणि बहिणीचं नाक ओढणं एकदमच ऐकू आलं.

"दिली का रे एकदाची रजा त्या मेल्या साहेबाने? दोन वर्षं छळलं माझ्या भावाला. कोण आहे तरी कोण तो, एकदा समोर येऊ दे माझ्या."

मास्तर एक पायरी उतरले, थांबले.

"येतोय," ते म्हणाले. "उद्याच येतोय तुझ्यासमोर. पण आधी भाचीला माझ्या मांडीवर दे, मग काय बोलायचं ते बोल."